गॅपचं सर्टिफिकेट

'गॅप इयर' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो सॉलिड आवडला होता. कानाला कसा हलका वाटतो! बारावी झाली, आता कॉलेजला जायच्या आधी एक वर्ष जग बघून येते... पाठीवर सॅक, हातात कॅमेरा, डोक्यावर कुणाचं टेन्शन नाही. पुण्यात कॉफी पिताना हा शब्द फारच छान दिसतो.

केळापूरला गेलं की याच गॅपचा अर्थ बदलतो. तिथं गॅप म्हणजे तहसील कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसलेला माणूस. बारावीनंतर वर्ष गेलं असेल, तर पुढच्या अ‍ॅडमिशनला प्रतिज्ञापत्र लागतं. 'मी या कालावधीत कोणत्याही कॉलेजात प्रवेश घेतलेला नव्हता' असं शपथेवर लिहून द्यायचं. लोक त्याला सरळ 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. म्हणजे बघा, जगात कुठंतरी या वर्षासाठी मुलांना फेलोशिप मिळते आणि आपल्याकडे त्याच वर्षाचा खुलासा द्यावा लागतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी मामेबहीण.

केळापूर हे माझं आजोळ. यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशात बघाल तर तालुक्याचं नाव केळापूर आहे, पण तहसील, बाजार, कॉलेज, सगळं पांढरकवड्यात. केळापुरात जगदंबेचं देऊळ, आजूबाजूला कापसाची वावरं आणि मधून जाणारा हायवे. साधासुधा हायवे नाही हं, श्रीनगरहून निघून थेट कन्याकुमारीला जाणारा नॅशनल हायवे ४४. उत्तरेला गेलात तर नागपूर. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण, आणि मग आदिलाबाद. आमच्या लहानपणी सुट्टीतला फेव्हरेट टाइमपास म्हणजे ट्रकच्या नंबरप्लेट मोजणं. पीबी म्हणजे पंजाब, एचआर म्हणजे हरियाणा, टीएन म्हणजे तामिळनाडू. अख्खा देश घरासमोरून जायचा. थांबायचा मात्र फक्त चहाला.

मागच्याच्या मागच्या दिवाळीत मी मामाकडे गेले होते. माझी आई माझे छापून आलेले सगळे लेख कापून एका फाइलीत लावते (जगातला माझा एकमेव फॅन क्लब!). ती फाइल त्या वर्षी मामाकडे पोचली होती. बहीण तेव्हा बारावीत, सायन्सला. भाऊबीजेच्या दुपारी ती फाइल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. एका कात्रणावर बोट ठेवलं. लेखाचा विषय होता, दहावी-बारावीच्या मुलांना परदेशात शिकायला, राहायला, फिरायला मिळणाऱ्या संधी. तिनं वर छापलेली तारीख वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि अगदी शांतपणे विचारलं,

''ताई, हे तू लिहिलं तवा मी दहावीत होती ना?''

''हो.''

''मग मले काऊन नाही सांगितलं?''

मी काय बोलणार? मी चकली तोंडात टाकली.

तिच्या प्रश्नाचं वजन कळायला हवं असेल, तर त्या लेखात काय होतं ते सांगायला हवं. पुण्याहून तासा-दीड तासावर, मुळशी-पौडच्या बाजूला, एका टेकडीवर युनायटेड वर्ल्ड कॉलेजची शाखा आहे. यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज, १९९७ साली सुरू झालेलं. ही चळवळ १९६२मध्ये वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजपासून सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगात वेगवेगळ्या देशांची पोरं दोन वर्षं एकत्र राहिली, जेवली, भांडली तर उद्या एकमेकांवर बंदूक रोखणार नाहीत, असा त्यामागचा फंडा. आज जगभर अशी १८ कॉलेजं आहेत. भारतातल्या मुलांची निवड इथली राष्ट्रीय समिती करते आणि घरच्या परिस्थितीप्रमाणे स्कॉलरशिप मिळते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्यानंही अर्ज करावा अशीच त्यांची अपेक्षा असते. फक्त अट वयाची. साधारण दहावी-अकरावीचं वय. बारावीतल्या मुलीला ते दार बंद झालेलं असतं.

त्या टेकडीवर मी एक अख्खा दिवस घालवला होता. मेसमध्ये जेवले, मुलांशी बोलले, फोटो काढले, डेडलाइनच्या आत कॉपी दिली. लेखाचं कौतुकही झालं. बाराशे शब्द लिहिले, पण केळापूरला एक फोन केला नाही.

का नाही केला? विसरले, असं सांगणं सोपं आहे. पण खरं सांगू? माझ्या डोक्यातही आलं नाही. लेख लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे जी मुलगी होती ती कोथरूडची होती, फार तर ठाण्याची. फाडफाड इंग्रजी बोलणारी, आईवडील दोघं नोकरीला, घरात डायनिंग टेबल. केळापूरची मुलगी माझ्या नजरेसमोर आली नाही. आणि ही कमाल बघा, मी स्वतः त्याच घरात उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढलेली! म्हणजे 'हे आपल्यातलं नाही' हे मामानं म्हणायच्या आधी मीच ठरवून टाकलं होतं.

त्या रात्री मोबाइलची रेंज शोधत गच्चीवर बसले आणि यादी करायला घेतली. आता उरलंय तरी काय, ते बघू म्हटलं.

पहिलं नाव रोटरीच्या यूथ एक्स्चेंजचं. पंधरा ते अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी. एक अख्खं शैक्षणिक वर्ष दुसऱ्या देशात, तिथल्या कुटुंबांमध्ये राहून. राहणं-जेवण यजमानांकडे, शाळेची फी नाही. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा मात्र घरच्यांचा. दुसरं, एएफएस. पहिल्या महायुद्धात, १९१४मध्ये, जखमी सैनिकांना नेणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हर लोकांची ही संघटना. दुसऱ्या युद्धानंतर त्यांनी जखमी नेण्याऐवजी शाळकरी मुलं इकडून तिकडे न्यायला सुरुवात केली. आयडियाच भारी! तिसरा, अमेरिकी सरकारचा केनेडी-लुगर यस कार्यक्रम, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००२मध्ये काढलेला. त्यातून भारतातलीही मुलं पूर्ण खर्चासह अमेरिकेतल्या शाळेत वर्षभर राहून आली. पण तोही पंधरा ते सतरा वयाचा.

मग सरकारी योजना बघितल्या. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी, वर्षाला ७५ जागा. केंद्राची आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, वर्षाला २० जागा. त्यातल्या ३ जागा विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी. महाराष्ट्रात अशा गटांमध्ये कोलाम येतात आणि कोलामांचे पोड केळापूर तालुक्यातच आहेत. बहिणीच्या वर्गात कोलाम मुलं होती, गोंड मुलं होती. मी क्षणभर एकदम खूश झाले. मग पुढची ओळ वाचली. या सगळ्या पदवीनंतरच्या. एमए, एमएस, पीएच.डी. यूकेची चेव्हनिंगही तशीच, पदवी आणि वर कामाचा अनुभव. यवतमाळमध्ये पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी काम उभं करणारे राजू केंद्रे २०२१मध्ये याच चेव्हनिंगवर लंडनच्या सोआसला गेले. म्हणजे आपल्या भागातून रस्ताच नाही असं नाही. पण तो सुरू होतो पदवीनंतर.

गच्चीवरच मला तो जिना दिसला. वरच्या पायऱ्या सरकारनं बांधल्यात, आणि चांगल्या बांधल्यात. खालच्या पायऱ्याही आहेत, पण त्या पंधरा-सोळाव्या वर्षी चढायच्या. त्या वयात पोराला इंग्रजीत 'स्वतःबद्दल' पाचशे शब्द लिहायला सांगणारं घरात कुणीतरी लागतं. अशा कार्यक्रमांना हुशार मुलं हवी असतात हे खरं, पण हुशारीच्या आधी एक गोष्ट लागते. त्याची बातमी वेळेत कळणं. केळापुरात बातमी दोन वर्षं उशिरा आली. तीही कात्रण होऊन.

सकाळी मामाकडे विषय काढला. मामा अंगणात कापसाच्या गंजीजवळ उभा होता.

''एक वर्ष खाली बसली तं लोक काय म्हणतीन?''

''मामा, आजकाल नीटसाठी पोरं दोन-दोन ड्रॉप घेतात की.''

''थे अभ्यासासाठी. फिरासाठी ड्रॉप कोणी घेते काय?''

लॉजिक परफेक्ट होतं. कोचिंगच्या हॉस्टेलात घालवलेलं वर्ष म्हणजे कष्ट आणि जग बघण्यात घालवलेलं वर्ष म्हणजे चैन. मी रोटरीचं सांगून पाहिलं. तिकिटाचा खर्च ऐकून मामानं नुसतं कापसाकडे बघितलं. मग मी म्हटलं, बदल्यात त्यांच्याकडची एखादी मुलगी आपल्याकडेही राहायला येऊ शकते. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

''इथं? मे महिन्यात? पंचेचाळीस डिग्रीत?''

सगळे हसलो. विषय तिथंच संपला असता. पण बहीण हसली नव्हती.

पुण्याला परत आल्यावर एक जुनी गोष्ट हाती लागली. फ्रान्समध्ये १९३९मध्ये जाँ वॉल्टर नावाच्या माणसानं शाळकरी मुलांसाठी प्रवासाच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. माणूस पेशानं आर्किटेक्ट, मोरोक्कोत झेलिजा इथं शिशा-जस्ताच्या खाणी असलेला. म्हणतात, तो स्वतः शाळकरी वयात सायकलवर टांग टाकून इस्तंबूलला गेला होता. खाणीच्या नावावरून शिष्यवृत्तीचं नाव पडलं झेलिजा. सुरुवातीला फक्त मुलग्यांना मिळायची, पुढे मुलींनाही मिळू लागली. वय सोळा ते वीस. ती फ्रान्सकडची, आपल्या कामाची नाही. पण तिच्या अटी वाचून मी खुर्चीतून उठलेच. एकट्यानं जायचं. कमीत कमी एक महिना. विषय स्वतः निवडायचा. पैसे थोडेच मिळणार. आणि परत येताना तीन गोष्टी आणायच्या: विषयावरचा अहवाल, रोजनिशी आणि हिशेबाची वही.

हिशेबाची वही! ही अट मामाला पटणार, याची मला खात्री होती.

आम्ही चार मावस-आतेभावंडं पुणे, नागपूर, हैदराबादला नोकऱ्या करतो. प्रत्येकी चार हजार काढले. महिन्याचे दोन सिनेमे आणि तीन पिझ्झे, बाकी काही नाही. सोळा हजार झाले. परदेश त्यात बसत नव्हता, वर्षही बसत नव्हतं. पण सीईटी आणि निकाल यांच्यामधला एक महिना बसत होता. तो कुणाच्याच हिशेबात नसतो. त्याला गॅप सर्टिफिकेटही लागत नाही. बहिणीला म्हटलं, विषय तू निवड.

तिनं दोन दिवसांनी फोन केला. ''ताई, आपल्या घरासमोरून टीएनचे ट्रक जातेत ना? आपला कापूस तिकडं जाते म्हणतेत. मले पाहाचं आहे का तिथं त्याचं काय होते.''

मी पत्रकारिता शिकलेय. पण असा विषय मला कधी सुचला नाही.

मामाच्या अटी वेगळ्या. रोज संध्याकाळी फोन. राहायचं ओळखीच्या घरी. आणि 'एकट्यानं'चा अर्थ मामाला मंजूर होईल इतकाच. माझी कॉलेजातली एक मैत्रीण कोइमतूरची. तिच्या आईनं फोनवर मामीशी पंधरा मिनिटं बोलून घेतलं. मामीला तामिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही. दोघींनी हिंदीचा जो काय खून केला त्यात एवढं ठरलं की पोरगी उपाशी राहणार नाही.

मे महिन्यात ती निघाली. पांढरकवड्याहून हैदराबादला बस, मावसभावाकडे मुक्काम, पुढे रेल्वे. मामा बसस्टँडवर शेवटपर्यंत काही बोलला नाही. बस सुटताना खिडकीतून पाचशेची नोट आत सरकवली. ''हे हिशेबात लिवू नको,'' म्हणाला.

तिनं लिहिली. वहीच्या पहिल्याच पानावर, 'बाबांनी दिले, ५००'.

ती वही माझ्या टेबलावर होती, दोन महिने. आपल्याकडे कापूस क्विंटलच्या भावानं विकला की शेतकऱ्याच्या लेखी तो संपतो. जिनिंगमध्ये रुई वेगळी, सरकी वेगळी. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधतात आणि त्या ट्रकवर चढतात. तिनं पुढचं पाहिलं. 'दक्षिणेचं मँचेस्टर' म्हणवणाऱ्या कोइमतूरच्या एका सूतगिरणीत तिला दोनदा आत जायला मिळालं. गाठ उघडताना कापसाचा वास घरच्यासारखाच आला, पण आवाज इतका की दिवसभर कान बंद, असं लिहिलंय. चपला कुठे शिवल्या, इडलीला किती पडले, तामिळमध्ये 'कापूस' कसा म्हणतात, सगळं आहे.

आणि एक पान आहे जे मी पुनःपुन्हा वाचलं. गिरणीच्या गेटबाहेर तिला तिच्याच वयाची एक मुलगी भेटली. ओडिशाची. दोन दिवस रेल्वेनं प्रवास करून आलेली. दहावीनंतर शाळा सुटली, आता गिरणीत काम आणि हॉस्टेलात राहणं. दोघींना एकमेकींची हिंदी बरी समजली. माझ्या बहिणीनं लिहिलंय, 'ती माझ्याहून जास्त लांब आली आहे. एकटी आली आहे. तिलापण घरी रोज फोन करावा लागते. पण तिला कोणी फेलोशिप म्हणत नाही.'

मला आमच्या घरच्या मांडवलीचा अभिमान वाटायला लागला होता. त्या पानानं तो जागेवर आणला. सतराव्या-अठराव्या वर्षी घर सोडून हजार मैल जाणारी मुलं आपल्या देशात ढिगानं आहेत. गिरणीत, बांधकामावर, हॉटेलांत. फक्त त्यांना परत येताना अहवाल मागणारं कुणी नसतं, आणि परत यायचं तिकीट असेलच असंही नाही. प्रवासात अनुभव असतोच. फेलोशिप त्याच्याबरोबर तीन गोष्टी देते: परतीचं तिकीट, निवांत विचार करायला वेळ, आणि 'काय पाहिलंस?' असं विचारणारा माणूस.

महिना संपल्यावर ती आली. काळी झालेली, थोडी बारीक. वहीत शेवटची ओळ, 'शिल्लक २,१४०'. ते पैसे तिनं परत दिले नाहीत, सरळ पासपोर्टच्या फीमध्ये घातले. कागदपत्रांत नेहमीचा घोळ झाला, एका ठिकाणी केळापूर, दुसऱ्या ठिकाणी पांढरकवडा. दीडशे किलोमीटरवर नागपूरला दोन चकरा झाल्या. मामा दोन्ही वेळा सोबत गेला. सीईटीच्या मार्कांवर तिला अकोल्याला बी.एस्सी. अ‍ॅग्रीला प्रवेश मिळाला. पदवीनंतरच्या शिष्यवृत्त्यांची माझी गच्चीवरची यादी तिनं हॉस्टेलच्या भिंतीवर चिकटवली आहे. पासपोर्ट अजून कोरा आहे.

हॅपी एंडिंग वाटतंय ना? थोडं आहेच. पण मी स्वतःला फसवत नाही. तिला एका महिन्याचं कोइमतूर मिळालं. त्या टेकडीवरची दोन वर्षं तिला मिळाली असती की नाही, कुणास ठाऊक. अर्ज नाकारला गेला असता तर तो नकार तिचा असता. इथं नकार कुणीच दिला नाही. मी नुसता फोन केला नाही.

तुम्ही हे पान वाचताय म्हणजे बहुतेक तुमच्याही मोबाइलमध्ये असा एखादा नंबर असेल. गावाकडचा, आजोळचा. दिवाळीला 'हॅपी दिवाळी' एवढाच जिथं जातो तो. त्या घरात आठवी-नववीत कुणी आहे का, एवढं विचारा. माहिती तुमच्याकडे आहे, इंग्रजी आहे, ऑफिसचा प्रिंटरही आहे. खर्च एका फोनचा.

आता मला तर आठवणही करून द्यावी लागत नाही. गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला अकोल्याहून फोन आला. मी घाबरले, म्हटलं काय झालं?

''ताई, घराच्या बाजूची ती बारकी पोरगी आता नववीत आहे. तिचं वय बसते, मी मोजलं. यंदा फॉर्म कवा निघते?''